जुन्या ले-आउटमधील घरासाठी ऊर्जा कार्यक्षमतेचे प्रमाणपत्र काढावे का?

प्रश्न – प्रतापनगरवासी

सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या प्रतापनगर भागातील एका जुन्या ले-आउटमध्ये आमचे घर आहे. भूखंड नेहमीचाच, तीस बाय पन्नास फुटांचा. तळमजला १९८७ साली बांधला आणि वरच्या तीन खोल्या २००४ साली चढविल्या. भिंती नऊ इंची विटांच्या, वर काँक्रीटचा उघडा स्लॅब, आणि वरच्या मजल्याची पश्चिमेकडील भिंत दुपारपासून सूर्यास्तापर्यंत उन्हात असते. खाली आम्ही दोघे राहतो आणि वरचा मजला भाड्याने देतो. मात्र गेल्या तीन वर्षांत दोन भाडेकरू नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपायच्या आतच घर सोडून गेले, आणि दोघांचीही तक्रार भाड्याविषयी नव्हती, खोल्यांतील उकाड्याविषयी होती.

आमची मुलगी इंग्लंडमध्ये असते. तेथे घर विकताना किंवा भाड्याने देताना ‘ए’ ते ‘जी’ अशी श्रेणी दाखविणारे ऊर्जा प्रमाणपत्र द्यावे लागते, ते दहा वर्षे चालते आणि ‘ई’पेक्षा खालच्या श्रेणीचे घर सहसा भाड्याने देताच येत नाही, असे तिने सांगितले, आपल्याही घराचे असे प्रमाणपत्र काढून भाडेकरूंना दाखवा, असा तिचा आग्रह आहे. दरम्यान सौर पॅनेल बसविणाऱ्या एका प्रतिनिधीने ‘पॅनेलबरोबर प्रमाणपत्रही मिळवून देतो’ असे सांगून त्यासाठी वेगळी रक्कम मागितली आहे.

असे प्रमाणपत्र आपल्याकडे बंधनकारक आहे काय, ते कोण देते, आणि आमच्यासारख्या घराला त्याचा काही उपयोग आहे काय? दोन्ही मजल्यांचे क्षेत्र मिळून सुमारे १२० चौरस मीटर असून दोन्ही मीटरांचा गेल्या बारा महिन्यांचा वापर ३,८४० युनिट आहे.

उत्तर – लेखापरीक्षक_विदर्भ

प्रथम कायद्याचा भाग, कारण तो थोडक्यात संपतो. आपल्या घरावर असे कोणतेही बंधन नाही. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा असून त्याखाली २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची स्थापना झाली. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही या कायद्याच्या कक्षेत आल्या, परंतु त्यासाठी जोडभार १०० किलोवॅट किंवा करार मागणी १२० केव्हीए असावी लागते. आपला मंजूर भार वीजबिलावर छापलेला असतो. तो पाहिलात तर हा आकडा किती दूर आहे ते लक्षात येईल. निवासी इमारतींसाठीची ‘इको निवास संहिता’ २०१८ मध्ये आली, पण तिचा पहिला भागही ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामासाठी लिहिलेला आहे. आपला भूखंड जेमतेम १४० चौरस मीटरचा आहे.

आपल्या मुलीने सांगितलेल्या प्रमाणपत्राच्या सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे ब्यूरोची निवासी इमारतींसाठीची तारांकन योजना. फ्रिज आणि एसीवर जसे एक ते पाच तारे असतात, तसे ते घराला देण्याची ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली. ती ऐच्छिक असून जुन्या घरांनाही खुली आहे. तिच्यात घराच्या दर चौरस मीटरमागे वर्षाला किती युनिट वीज लागेल याची गणना केली जाते. ‘लागेल’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण भिंती, छत, खिडक्या, दिवे आणि उपकरणे यांच्या तपशिलांवरून ठरावीक गृहीतके धरून हा आकडा काढतात. आपल्या बिलावरचा आकडा उचलून तेथे लिहीत नाहीत.

ग्रिहा आणि आयजीबीसी यांची हरित मानांकनेही आहेत. त्यांचा व्यवहारातला लाभ मुख्यतः नव्या बांधकामाला किंवा संपूर्ण पुनर्बांधणीला मिळतो, कारण राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत त्यांच्या बदल्यात वाढीव चटई निर्देशांकाची (एफएसआय) तरतूद आहे. उभ्या घरातील तीन खोल्यांसाठी त्या वाटेला जाण्यात मला अर्थ दिसत नाही.

सौर पॅनेलच्या प्रतिनिधीला मात्र स्पष्ट नकार द्यावा. पॅनेलमुळे वीज तयार होते आणि बिल उतरते. त्याने घराची उष्णता रोखण्याची क्षमता वाढत नाही.

उत्तर – मानेवाडा_रोड

वरील शेवटच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. गेल्या वर्षी एका मध्यस्थाने आमच्याकडून सहा हजार रुपये घेऊन पाच ताऱ्यांचे चित्र असलेला एक रंगीत कागद दिला. घराची मोजणी करायला कोणीही आले नव्हते. नंतर घर विक्रीला काढले तेव्हा बँकेच्या मूल्यांककाने तो कागद उलटसुद्धा केला नाही. त्याने मंजूर नकाशा, आर.एल. पत्र (भूखंड नियमित केल्याचे पत्र) आणि कराची पावती मागितली. आमचा भाग ‘१९०० ले-आउट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मुळात अनधिकृत ले-आउटांपैकी असल्यामुळे आर.एल. पत्रासाठीच मला चार महिने खेपा घालाव्या लागल्या. आपली कागदपत्रे अपुरी असतील तर पैसा आणि वेळ आधी तेथे खर्च करावा, इतकेच सुचवितो.

प्रश्नकर्ता – प्रतापनगरवासी

दोन्ही उत्तरांबद्दल आभारी आहे. आमच्याकडील कागदपत्रे पूर्ण आहेत. ३,८४० ला १२० ने भागले असता दर चौरस मीटरमागे वर्षाला ३२ युनिट येतात. गणनेची पद्धत वेगळी असते हे समजले. तरीही हा आकडा मला बराच चांगला वाटतो. म्हणजे आमचे घर मुळात कार्यक्षमच आहे, असे समजावे काय?

उत्तर – चुना_आणि_कोबा

मी स्थापत्य अभियंता असून जुन्या घरांच्या दुरुस्तीचीच कामे करतो. आपला हा निष्कर्ष मला मान्य नाही. खाली आपण दोघे कूलर आणि पंख्यावर उन्हाळा काढता आणि वरचा मजला वर्षातले काही महिने रिकामा राहतो, म्हणून ३२ हा आकडा आला आहे. त्यात घराचे कर्तृत्व फारसे नाही, आपल्या सोसण्याचे आहे. वरच्या मजल्यावर दोन एसी लावणारा भाडेकरू आला, तर हेच घर दुसऱ्याच आकड्यावर जाऊन बसेल. याच शहरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंशांची नोंद झाली होती. तशा दुपारी घर काय करते, ही त्याची खरी परीक्षा आहे.

आपल्या घराचा दोष बहुतेक सगळा छतात आहे. छतातून किती उष्णता आत येते हे यू-मूल्याने मोजतात, आणि ते जितके कमी तितके चांगले. इको निवास संहितेत छतासाठी त्याची कमाल मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति केल्व्हिन आहे. आपल्यासारख्या उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचे यू-मूल्य साडेतीनच्या आसपास येते. त्यावर चार इंची ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घातला तरी ते अडीचच्या खाली फारसे उतरत नाही. म्हणजे कोब्याने घर थंड राहते ही आपल्याकडची सार्वत्रिक समजूत अर्धीच खरी आहे. शिवाय कोबा आणि स्लॅब दुपारभर उष्णता साठवितात आणि रात्री ती हळूहळू खोलीत सोडतात, त्यामुळे आपल्या भाडेकरूंना दुपारपेक्षा रात्री झोपताना अधिक त्रास झाला असणार.

एक्सट्रुडेड पॉलिस्टायरीन या उष्णतारोधक कडक फोमच्या ४० मिलिमीटर जाडीच्या पाट्या स्लॅबवर बसविल्या, तर हेच मूल्य १ च्याही खाली येते. या पाट्या खालून, फॉल्स सीलिंगच्या मागे, बसविण्याचा सल्ला अनेक जण देतात, कारण ते काम सोपे आणि स्वस्त आहे. मी तो देत नाही. पाट्या वर असतील तर स्लॅब स्वतःच उन्हापासून वाचतो, त्याचे रोजचे प्रसरण-आकुंचन कमी होते, आणि त्यामुळे पडणाऱ्या भेगा व पावसाळ्यातील गळतीही कमी होते. क्रम असा असतो की स्लॅब साफ करून आधी जलरोधक थर द्यायचा, त्यावर पाट्या, त्यावर जाळी घालून उताराचे काँक्रीट, आणि सर्वांत वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी किंवा पांढरा लेप. एकूण उंची तीन-चार इंचांनी वाढते. तेव्हा जिन्याच्या खोलीचा उंबरठा आणि पावसाच्या पाण्याची तोंडे आधी तपासावीत, नाहीतर जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीत पाणी जिन्याने खाली येईल.

जुन्या कोब्यावर नवा कोबा मात्र कधीही घालू नये. चार इंची कोब्याचे वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जाते. २००४ चा मजला १९८७ च्या भिंतींवर उभा आहे, हे विसरून चालणार नाही.

यंदाच्या उन्हाळ्यापूर्वी एवढा खर्च शक्य नसेल, तर गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. नागपुरात पूर्वी हे काम घरोघरी दर मार्चमध्ये होत असे, आणि एसी आल्यावर आपण ते का सोडले ते मला अजून कळलेले नाही. चुन्यामुळे यू-मूल्य बदलत नाही, परंतु ऊन परावर्तित झाल्याने स्लॅब मुळातच कमी तापतो. पावसाळ्यात तो बराचसा धुऊन जातो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो.

पश्चिमेच्या भिंतीवर खिडकी असल्यास तिला बाहेरून छज्जा आणि ताट्या लावाव्यात, कारण पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलेच असते. भाडेकरूंच्या खोल्यांत सरकत्या काचांच्या खिडक्या असतील, तर आणखी एक हिशेब करावा. संहितेच्या वर्गीकरणात नागपूर संमिश्र हवामानात मोडते, आणि अशा ठिकाणी उघडता येणाऱ्या खिडक्यांचे क्षेत्र चटई क्षेत्राच्या किमान साडेबारा टक्के असावे लागते. बारा बाय बारा फुटांच्या खोलीला या हिशेबाने अठरा चौरस फूट उघडी जागा हवी. चार बाय चार फुटांची सरकती खिडकी दिसते सोळा फुटांची, पण उघडते आठच फूट. कूलर चालू असताना दमट हवा बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर खोलीचे स्नानगृह होते.

पंखे जुने असतील तर तेही बदलावेत. जुना पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे ३०. चार पंखे रोज बारा तास आठ महिने चालले, तर वर्षाला पाचशेहून अधिक युनिट वाचतात.

प्रमाणपत्र हवेच असेल तर हे सर्व झाल्यानंतर काढावे. आज काढलेत तर घर जसे आहे त्याचीच नोंद होईल आणि ती भाडेकरूला दाखवावीशी वाटणार नाही.

उत्तर – लेखापरीक्षक_विदर्भ

सहमत आहे. ब्यूरोची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या प्रमाणित ऊर्जा लेखापरीक्षकाकडून कामापूर्वी आणि कामानंतर एकदा तपासणी करून घ्यावी. वरच्या खोलीच्या छताचे आणि आतील हवेचे तापमान दुपारी चार व रात्री दहा वाजता नोंदवून ठेवलेत, तरी भाडेकरूला दाखविण्यासाठी ती वही पुरेशी होईल.

प्रश्नकर्ता – प्रतापनगरवासी

एकच शंका उरते. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते, म्हणून पॅनेल या वर्षीच बसवावीत असा विचार होता. पॅनेलची सावली पडल्यावर स्लॅबवर वेगळ्या पाट्यांची गरज राहील काय?

उत्तर – चुना_आणि_कोबा

राहील. तीन किलोवॅटची पॅनेल साधारण तीनशे चौरस फूट जागा व्यापतात आणि सावली तेवढ्यावरच पडते. उरलेली गच्ची तापतेच. शिवाय पॅनेल आधी बसविली, तर पुढे जलरोधकाचे काम करताना सांगाडा उतरवावा लागतो आणि बोल्टच्या प्रत्येक छिद्रातून गळतीची भीती राहते. म्हणून गच्चीचे काम दिवाळीनंतर कोरड्या हवेत करून घ्यावे, आणि सांगाड्याच्या पायांसाठी काँक्रीटचे ठोकळे त्याच वेळी ओतून जलरोधक थर त्यांच्यावर वळवून घ्यावा. पॅनेल फेब्रुवारीत बसविली तरी उन्हाळ्याची वीज हाती येईल.