मदत हवी आहे: डोळ्याजवळचा बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा कॅन्सर), मोहस सर्जरी जवळपास कुठं होते?
आबा ७४ वर्षांचे, कागल तालुक्यात असतात, अजून उसात राबतात. नाक आणि डोळ्याच्या कोपऱ्याच्या मधे मसुराएवढी गाठ आहे. कडा चकचकीत, मधे खपली. तोंड पुसताना टॉवेल लागला की खपली निघते, रक्त येतं, पुन्हा धरते. आधी मलमं झाली, झाडपाला झाला (गावाकडं तो चुकत नाही), शेवटी कोल्हापुरात बायोप्सी केली. रिपोर्ट: बेसल सेल कार्सिनोमा, नोड्युलर (गाठीचा प्रकार). हा सहसा दुसरीकडं पसरत नाही पण जागेवर आत खात जातो, एवढं समजलंय.

सर्जन म्हणतात, काढून कानामागची कातडी लावू. दुसरे डॉक्टर रेडिएशन म्हणतात, म्हणजे काही आठवडे रोजची ये-जा. मोहसमध्ये थर काढत लगेच मायक्रोस्कोपखाली कडा तपासतात, चांगली कातडी वाचते. पापणी इतकी जवळ असताना मला तेच पटतंय. कृपया क्रीम सुचवू नका, ती वरवरच्या प्रकाराला असतात.

हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, शुगर नाही. रेशनकार्ड पिवळं. पुण्या-मुंबईला एकदा नेता येईल, सारख्या फेऱ्या झेपणार नाहीत.

कोल्हापूर, मिरज, बेळगाव किंवा पुण्यात कुणी मोहस करून घेतलीय का? नसेल तर साध्या ऑपरेशनवेळी तिथल्या तिथं फ्रोझन सेक्शन करून (काढलेला तुकडा गोठवून) कडा तपासून देतात का? आणि यातलं काय महात्मा फुले योजनेत बसलं?