जर्मनीत लेकीला वाढदिवसाचं पार्सल पाठवायचंय, सल्ला हवा

चिंचेचा_कोळ
लेक आखेनला शिकते. पुढच्या महिन्याच्या शेवटी तिचा पंचविसावा वाढदिवस आहे. पुण्याहून पार्सल पाठवायचं मनात आहे. यादी: माझ्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, इरकलचा कुर्ता, दोन पुस्तकं, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, लिंबाचं लोणचं, साताऱ्याचे कंदी पेढे आणि च्यवनप्राश. कुरियर बरं की पोस्ट? कस्टमवाले काय अडवतात? परीक्षेच्या दिवसांत तिला हेलपाटे पडायला नकोत.

राइनकाठी
पेढे आणि च्यवनप्राश आजच यादीतून काढा, मग बाकीचं बोलू.

युरोपियन युनियनबाहेरून खासगी पार्सलात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. पेढे, बर्फी, खवा, तूप सगळं त्यात आलं. बेसनाचे लाडूही नकोत. त्यात तूप किती आणि बेसन किती हे तिथल्या साहेबाला कोण समजावत बसणार? औषधं बाहेरच्या देशातून टपालाने मागवायला जर्मनीत सामान्य माणसाला परवानगी नाही. च्यवनप्राश औषध की खाऊ, हा वाद आपण घालू नये. बाम, काढे, गोळ्याही नकोत.

मेतकूट, भाजणी चालेल, पण दुकानातलं सीलबंद, घटकपदार्थ इंग्रजीत छापलेलं पाकीट घ्या. घरची भाजणी कितीही खमंग असली तरी बिनलेबलच्या पिशवीतलं तपकिरी पीठ बघून कोणीही पार्सल फोडेल. कढीपत्ता, ताज्या मिरच्या, पेरायचं बी वगैरे टाकू नका, त्याला झाडपाल्याचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

कोथरूडकर_काका
ताई, गोधडी आहे म्हणून सांगतो. खासगी कुरियरवाले वजन दोन तऱ्हेने काढतात, काट्यावरचं आणि आकारमानाचं, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. हिशोब साधारणपणे असा: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. म्हणजे ४० बाय ३० बाय २० चा खोका ४.८ किलोचा धरला जातो, मग आत दोन किलोचीच गोधडी का असेना. हवा काढायची प्लास्टिकची पिशवी मिळते ना, गाद्या-रजया ठेवायची, त्यात घालून दाबा. अर्धा खोका वाचतो.

तुमच्या यादीला मी पोस्टच म्हणेन. परदेशी स्पीड पोस्ट, ट्रॅकिंग मिळतं. लक्ष्मी रोडचं सिटी पोस्ट किंवा साधू वासवानी चौकातलं जीपीओ, दोन्हीकडे करतात. ओळखपत्राची प्रत न्या आणि खोका उघडाच न्या, चिकटपट्टी सोबत ठेवा. आत काय आहे ते बघायला मागतात.

जुना_पोस्टमन
आमच्या वेळी परदेशी पार्सल मांजरपाटात शिवून, वर लाखेची मोहोर मारून द्यावं लागे. पोस्टाच्या दारात शिवणारा बसलेला असायचा, दाभण घेऊन. आता ती कटकट गेली, जाड पुठ्ठ्याचा खोका पुरतो. बाकी २२ युरोपर्यंत माल असेल तर कर लागत नाही एवढं ध्यानात ठेवा.

राइनकाठी
पोस्टमनकाका, ती २२ युरोची सवलत १ जुलै २०२१ पासून बंद झाली. आता भेटवस्तूची मर्यादा बघायची, ४५ युरो. रुपयांत किती होतात ते त्या दिवशीच्या भावाने बघा. पण अट आहे: एका खासगी माणसाने दुसऱ्याला, पैसे न घेता, अधूनमधून पाठवलेली वस्तू हवी. साइटवरून ऑर्डर करून दुकानालाच थेट जर्मनीला पाठवायला लावलंत तर ती भेट धरत नाहीत, भले वर रिबीन बांधा. म्हणून कुर्ता आधी घरी मागवा, मग तुमच्या नावाने पाठवा.

फॉर्मवर 'गिफ्ट'वर खूण करा, पण तपशिलात नुसतं 'बर्थडे गिफ्ट' लिहू नका. एकेक वस्तू, नग, वजन, किंमत लिहा. कॉटन कुर्ता १, पुस्तकं २, हातशिलाईची जुनी सुती गोधडी १, असं. हल्ली ही माहिती संगणकावरून पार्सलच्या आधी तिकडे पोचते. मोघम लिहिलेलं बाजूला पडतं आणि तुमच्या मुलीला पत्र येतं: कस्टमच्या कचेरीत या, आमच्यासमोर उघडा, किंमतीचा पुरावा दाखवा. तेच तुम्हाला टाळायचंय.

चिंचेचा_कोळ
बाप रे, बरं झालं विचारलं. पेढे रद्द. पण गोधडीची किंमत काय लिहू? आईच्या हातची, तिला किंमत कशी लावायची?

कोथरूडकर_काका
बाजारात तशी वापरलेली गोधडी जितक्याला जाईल तितकी लिहा. शून्य लिहू नका, त्याने उलट शंका येते. फुगवूनही नको. आणि विमा काढलात तर तोही त्याच किमतीवर, म्हणून गोधडी हरवली तर मिळणारे पैसे कामाचे नाहीत हे धरूनच चाला. मी तुमच्या जागी असतो तर गोधडी आणि खाऊ एका खोक्यात घातला नसता. लोणच्याचं तेल लुगड्यावर उतरलं तर?

हळदीकुंकू
लोणचं कशाला? भारतीय दुकानात मिळतं तिथे. माझ्या भाच्याला मी सांगली-कोल्हापूरकडची कांदा-लसूण चटणी पाठवते, कोरडी, दोन पिशव्यांत. वासाला घट्ट झाकणाचा डबा मात्र हवाच.

आणि जर्मन लोक वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देत नाहीत, अपशकून मानतात. तेव्हा पार्सल लवकर पोचलं तर आतल्या कागदावर तारीख लिहून ठेवा, 'तोवर हात लावायचा नाही'. केक, फुलं तिथल्याच दुकानातून त्या दिवशी पाठवा, ते इथून होत नाही.

राइनकाठी
आणखी एक, सगळ्यात महत्त्वाचं. तिथे बहुतेक इमारतींना फ्लॅट नंबर नसतो. पोस्टमन बेलवरचं आणि पत्रपेटीवरचं आडनाव बघतो. लेक कोणाबरोबर भाड्याने राहत असेल आणि तिचं नाव पाटीवर नसेल, तर पार्सल परत येऊ शकतं. पत्त्यात ज्याचं नाव पाटीवर आहे त्याचंही नाव घाला. पाच आकडी पिनकोड शहराच्या नावाआधी. आणि तिचा मोबाइल नंबर फॉर्मवर लिहाच.

चिंचेचा_कोळ
आत्ताच तिला विचारलं. पाटीवर घरमालकिणीचं आणि आधी राहून गेलेल्या मुलाचं नाव आहे म्हणे, हिचं नाहीच. आज चिकटवते म्हणाली. गोधडी वेगळ्या खोक्यात, सोमवारी जीपीओला. खाऊचं मग बघते.