'सकर रॉड'ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ: अंकलेश्वरच्या तेलविहिरींवर आपल्या नंदुरबार-नवापूरकडची पोरं कामाला आहेत. त्यांच्यासाठी सुरक्षेची पुस्तिका मराठीत करतोय आणि 'सकर रॉड'पाशी अडलोय. जमिनीवर मान हलवणारं यंत्र, तिथून खालच्या पंपापर्यंत 25 फुटी गज एकाला एक जोडत नेलेले, ते हे. मसुद्यात 'चोषक दांडा' आलंय. वाचून कोणाला काय कळणार?

चोपडेकर: 'चोषक' नको, 'चूषक दंड' करा. पारिभाषिक शब्द एकदा रुळला की कळतो. 'तापमापी' कुठे आधीपासून कळत होता?

रावेरची केळी: पण गज चोखतो कुठे? नुसत्या ओढीने पाणी 33-34 फुटांवर चढत नाही, तेल तर हजारो फुटांवरून आणायचं. दट्ट्या वर जाताना त्यातली झडप मिटते आणि डोक्यावरचं तेल उचललं जातं. खाली येताना झडप उघडते, तेल दट्ट्यातून वर सरकतं. सगळं काम उचलण्याचं. 'उचलगज' म्हणा.

चोपडेकर: दट्ट्या वर गेला की खाली दाब घटतो, म्हणून तर तळाची झडप उघडते. ते चूषणच झालं.

रावेरची केळी: ते पंपाचं काम, गजाचं नव्हे. गावातल्या इंडिया मार्क टू हापशीतही सिलिंडर खाली पाण्यात असतं, वरून गज जोडत नेलेले असतात. त्या गजाला कोणी चूषक म्हणतं का?

धुळ्याची पोर: तळाच्या झडपेला 'फुटबॉल' लिहा, शेतकऱ्याचं पोर लगेच ओळखेल. आत गोळी असते म्हणूनच तो शब्द पडला.

तापीकाठ: तेलाच्या पंपात खरंच गोळी आणि तिची बैठक असते. विहिरीवरच्या फुटबॉलात मात्र बहुधा चकती असते. तो 'फुटव्हॉल्व्ह'चा उच्चार आहे, गोळीशी संबंध नाही.

धुळ्याची पोर: माझे आजोबा मोटारी बसवायचे, ते गोळीच सांगायचे.

चोपडेकर: छापील पुस्तिकेत 'फुटबॉल'? अपभ्रंशाला मान्यता देऊ नका. 'तळझडप' सरळ आहे.

अमळनेरकर: 'दट्ट्या'वर कोणी बोलत नाही! माझ्या मते तो 'दाटणे'वरून. नळकांड्यात दाटून बसतो तो दट्ट्या. 'आईने अभ्यासाचा दट्ट्या लावला' यातही तोच दाब आहे. आणि 'हापशी' नव्हे, 'हापसा'.

रावेरची केळी: आमना गावमा हापशीच म्हनतस.

अमळनेरकर: मोठा तो हापसा, छोटी ती हापशी.

धुळ्याची पोर: आमच्या गल्लीत एकच होती, भली मोठी, आणि तीही हापशीच.

तापीकाठ: मंडळी, गजाचं काय? 'उचलगज' टाकून पुढे कंसात 'सकर रॉड' ठेवू का? साइटवर मुकादम तोच शब्द ओरडणार आहे.

चोपडेकर: मग मराठी पुस्तिका कशाला करताय?

अमळनेरकर: 'हापसणे' क्रियापद आधीचं की हापसा आधीचा, हे कोणी सांगेल का?