पहिला शोधनिबंध: सुरुवात कुठून करू? आणि तर्कदोष कसे टाळू?

सायली_२१
नमस्कार मंडळी. एम. ए. इतिहास, दुसरं वर्ष. सत्राअखेर शोधनिबंध द्यायचाय, विषय घेतलाय 'मुंबईतला प्लेग'. तीन आठवडे वाचतेय, दोन वह्या टिपणांनी भरल्या, पण लिहायला बसलं की हात चालत नाही. कसाबसा एक परिच्छेद झाला. त्यात लिहिलं होतं: "१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २२ हजार होती, १९०१ मध्ये ती ७ लाख ७६ हजारांवर आली. म्हणजे प्लेगने सुमारे ४६ हजार बळी घेतले." मॅडमनी 'म्हणजे'भोवती लाल गोल काढला आणि समासात 'हेत्वाभास' (तर्कदोष) एवढंच लिहिलं. आकडे तर बरोबर आहेत. मग चुकलं काय?

वाटसरू
आकडे बरोबरच आहेत, गडबड 'म्हणजे'त आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत माणसं लाखोंनी गावी पळाली. त्यातली बरीच परतली, काही नाही परतली. उलट छप्पन्याच्या दुष्काळात, १८९९-१९०० ला, उपाशी माणसं शहराकडे आली. म्हणजे तुझे ४६ हजार ही आलेले, गेलेले, जन्मलेले आणि मेलेले अशा सगळ्यांची गोळाबेरीज. मृत्यू त्याहून कितीतरी जास्त असू शकतात. त्यासाठी पालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्याचे वार्षिक अहवाल बघ. पण तेही जपून. इस्पितळात ओढून नेतील या धास्तीने घरचे लोक रोग लपवत, मृत्यूचं कारण भलतंच सांगत.

ओसरी
वाटसरूंशी सहमत. तर्कदोषांची यादी पाठ करू नकोस, आपल्या भाषेत ते आधीपासून आहेत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर कावळ्याने फांदी मोडली असं होत नाही. काकतालीय न्याय तो हाच. प्लेगमध्ये याचं उदाहरण फार बोलकं आहे. १८९७ च्या उन्हाळ्यात साथ ओसरली. त्याआधी घरं धुणं, चुना मारणं, झडत्या, सगळं जोरात झालं होतं, तेव्हा श्रेय त्याला द्यावंसं वाटतं. पण पुढच्या हिवाळ्यात साथ परत आली, उन्हाळ्यात परत उतरली, आणि असं वर्षानुवर्षं चाललं. प्लेगशी उंदरांवरच्या पिसवांचा संबंध सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवला तो १८९८ मध्ये, या सगळ्या सफाईनंतर.

दुसरं, शितावरून भाताची परीक्षा. ती जमते कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतो. मांडवीची गोदामं आणि मलबार हिल हे एक पातेलं नव्हे. एका वस्तीच्या नोंदीवरून 'मुंबईकरांनी' असं लिहिलंस तर पुढे 'कोणत्या?' असं स्वतःलाच विचार.

आणि 'केसरी' सरकारविरोधी, म्हणून खोटा, किंवा अहवाल गोऱ्या साहेबाचा, म्हणून खोटा, असंही करू नकोस. लिहिणारा कोण यावरून काय पडताळायचं ते कळतं, खरंखोटं ठरत नाही.

चिंचपोकळी
हात चालत नाही, कारण तुझ्याकडे विषय आहे, प्रश्न नाही. 'मुंबईतला प्लेग' यात आयुष्य जाईल. '१८९६-९७ च्या हिवाळ्यात मांडवीतून कोण पळालं आणि कोणाला पळता आलं नाही?' याला निबंधात उत्तर देता येतं. प्रस्तावना शेवटी लिही. ज्या कागदाबद्दल तुला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं, त्याच्यापासून सुरू कर. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, जुनी सरकारी कागदपत्रं तिथे असतात. मॅडमचं पत्र घेऊन जा.

आणि टिपणाच्या वहीत पानाच्या मधोमध रेघ मार. डावीकडे कागद काय म्हणतो ते, उजवीकडे तुला काय वाटतं ते. 'म्हणजे' नेहमी उजवीकडे.

सायली_२१
खूप आभार. काल रात्री दोन्ही वह्या उघडून रेघा मारत बसले. उजवीकडची अकरा वाक्यं मी डावीकडची समजून चालले होते. चिंचपोकळी, तो मांडवीचा प्रश्न घेऊ का? सोमवारी मॅडमना विचारते आणि पत्रही मागते.

चिंचपोकळी
घे की!