चर्चा: एसएसएच सर्व्हर इंटरनेटवर थेट खुला ठेवावा का?

मूळ मांडणी

बाहेरून लॉगिन करता यावे म्हणून संगणकावर एसएसएच सर्व्हर चालवायचा आहे असे कोणी म्हटले, की ‘पोर्ट २२ (एसएसएचचे ठरलेले प्रवेशद्वार) इंटरनेटवर उघडू नका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो सरसकट देणे मला चुकीचे वाटते. दूरच्या संगणकावर लॉगिन करण्याची जुनी पद्धत, टेलनेट, पासवर्ड उघड्या मजकुरात पाठवत असे. १९९५ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड टिपले गेल्यानंतर ताटू युलेनेन यांनी एसएसएच लिहिले, ते भरवशाच्या नसलेल्या नेटवर्कवरूनही सुरक्षितपणे काम करता यावे म्हणूनच. त्याच कामासाठी घडवलेला प्रोग्राम आणखी एका भिंतीआड ठेवल्याशिवाय वापरूच नये, हा आग्रह मला पटत नाही.

पोर्ट उघडल्यावर लवकरच लॉगमध्ये ‘रूट’, ‘अ‍ॅडमिन’, ‘टेस्ट’ अशा नावांनी लॉगिनचे प्रयत्न दिसू लागतात आणि नवखा माणूस धास्तावतो. पासवर्डने होणारे लॉगिन बंद करून फक्त ईडी२५५१९ या प्रकारच्या डिजिटल किल्लीवर (जुळणारी गुप्त फाइल जवळ असलेल्यालाच) प्रवेश ठेवला, तर या अंदाजबाजीला व्यवहारात यश येऊ शकत नाही. मात्र ते खरोखर बंद झाले आहे का, हे तपासलेच पाहिजे. एसएसएचडीच्या (एसएसएच सर्व्हर चालवणारा प्रोग्राम) कॉन्फिग फाइलमध्ये एखाद्या सेटिंगची सर्वांत आधी सापडलेली नोंद ग्राह्य धरली जाते, आणि डेबियन व उबुंटू या लिनक्स प्रणालींच्या अलीकडच्या आवृत्त्यांत शेजारच्या फोल्डरमधील छोट्या फाइली सुरुवातीलाच वाचल्या जातात. त्यामुळे क्लाउड सर्व्हर तयार होताना तिथे ठेवली गेलेली एखादी फाइल पासवर्ड चालू ठेवते आणि मुख्य फाइलमध्ये तुम्ही लिहिलेले ‘नो’ वाया जाते. कॅपिटल टी हा पर्याय देऊन एसएसएचडी चालवले की प्रत्यक्ष लागू असलेल्या सेटिंग्ज छापून येतात. खात्री त्यावरूनच करावी.

प्रतिसाद १ (विरोधात)

पासवर्डबाबत आपले म्हणणे मान्य आहे, परंतु खरा धोका आपण वगळला आहे. किल्ली तपासली जाण्याआधीच सर्व्हरमधील दोषाचा फायदा घेता आला, तर किल्ली कितीही भक्कम असून उपयोग नाही. जुलै २०२४ मध्ये क्वालिस या सुरक्षा कंपनीने उघड केलेला ‘रिग्रेएसएसएच’ हा दोष नेमका तसाच होता: ठरलेल्या मुदतीत लॉगिन पूर्ण झाले नाही, की सर्व्हर जो सिग्नल हाताळतो त्यातील चुकीमुळे जीलिबसी ही मूलभूत लायब्ररी वापरणाऱ्या लिनक्सवर थेट रूटचा, म्हणजे संपूर्ण संगणकाचा, ताबा मिळवणे शक्य होते. २००६ मध्ये दुरुस्त झालेला हा दोष नंतरच्या एका बदलातून पुन्हा शिरला आणि ओपनएसएसएच या प्रचलित एसएसएच सर्व्हरच्या ८.५ ते ९.७ या आवृत्त्यांत राहिला. तो लिहिणाऱ्या ओपनबीएसडी प्रकल्पाच्या मंडळींसारख्या काटेकोर लोकांच्या हातून हे घडते, तर पोर्ट साऱ्या जगासाठी उघडे ठेवण्याची गरजच काय? वायरगार्ड हे व्हीपीएन (कूटबद्ध खासगी मार्ग) पुढे ठेवावे; योग्य किल्ली नसलेल्या पॅकेटला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेसुद्धा कळत नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

वायरगार्डचा मुद्दा वजनदार आहे. तरीही रिग्रेएसएसएचचे प्रात्यक्षिक ३२-बिट प्रणालीवर झाले होते, त्यालाही सरासरी सुमारे १०,००० प्रयत्न लागत होते आणि दोष जाहीर झाला त्याच दिवशी दुरुस्त आवृत्तीही आली होती. सुरक्षा अद्यतने आपोआप बसत असतील, तर उरणारी जोखीम मी स्वीकारतो. व्हीपीएनचीही किंमत असते: तो बंद पडला आणि आपण दूर असलो, तर दुरुस्तीसाठी आत जाण्याचा मार्गच राहत नाही.

प्रतिसाद २ (पोर्ट बदलण्याविषयी)

पोर्ट बदलल्याने लॉगमधील गर्दी कमी होते, याहून अधिक अपेक्षा ठेवू नये. बदलायचेच असेल तर १०२४ च्या खालचा क्रमांक घ्यावा. त्यावरच्या पोर्टवर एसएसएचडी बंद पडताच त्या संगणकावरील कोणताही साधा वापरकर्ता स्वतःचा प्रोग्राम बसवू शकतो. सर्व्हरच्या किल्लीचा ठसा (जोडणीच्या वेळी दिसणारी त्याची ओळखखूण) न वाचता ‘येस’ लिहिण्याची सवय असलेल्यांसाठी हे विशेष घातक आहे.

प्रतिसाद १ कडून पुन्हा

अद्यतने आपोआप बसतील, हे गृहीतच मला धोक्याचे वाटते. मार्च २०२४ मधील एक्सझेड या फाइल-संकोचन प्रोग्रामच्या प्रकरणात दुरुस्तीच्याच वाटेने विष आले होते: ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत पेरलेला चोरदरवाजा काही लिनक्स वितरणांत एसएसएचडीपर्यंत पोहोचत होता, आणि लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पिच्छा पुरवला म्हणून तो उघडकीस आला. त्या चोरदरवाजाची गुप्त किल्ली असलेल्याला अशा सर्व्हरच्या खुल्या एसएसएच पोर्टवरून आत येता आले असते. वायरगार्डमागच्या सर्व्हरपर्यंत त्याचे पॅकेट पोहोचलेच नसते.

दूर असताना अडकून पडण्याची आपली भीती रास्त आहे. ज्या संगणकापाशी कोणी नसते, तिथे सेवा पुरवठादाराचा कन्सोल (एसएसएचविना संगणक हाताळण्याची सोय) किंवा तत्सम दुसरी वाट आधी सिद्ध ठेवावी आणि मगच पोर्ट २२ बाहेरून बंद करावे. एसएसएचडीला केवळ वायरगार्डच्या पत्त्यावर ऐकायला लावण्यापेक्षा फायरवॉलने बाकीच्या वाटा बंद करणे बरे, कारण रीबूटनंतर वायरगार्डच्या आधी एसएसएचडी सुरू झाले, तर तो पत्ता अस्तित्वात नसल्यामुळे त्याला तिथे ऐकताच येत नाही.