सोडतीचे अथेन्स आणि मतपेटीचे आपण

अनुस्वार : प्राचीन ग्रीसमधील अथेन्स नगरात नागरिक स्वतः निर्णय घेत असत, आपण पाच वर्षांतून एकदा मालक निवडतो. खरी लोकशाही तीच होती.

माळरान : हे वाचून राहवले नाही. जिथे स्त्रिया, गुलाम आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणारे परकीय यांपैकी कोणालाही मत नव्हते आणि इ.स.पू. ४५१ मध्ये तिथला नेता पेरिक्लीस याने आई-वडील दोघेही अथेनियन असल्याखेरीज नागरिकत्व नाही असा कायदा करून घेतला, ती खरी लोकशाही असेल, तर १९५१-५२ मध्ये आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मजूर स्त्रीनेही मत दिले ते काय होते? शिवाय इ.स.पू. ४०६ मध्ये आर्जिनुसाईची लढाई जिंकणाऱ्या सहा सेनापतींना याच थोर नागरिकांनी एकाच मतदानात देहदंड दिला आणि मागाहून हळहळ केली.

अनुस्वार : गुलामांचा मुद्दा निघणारच होता, मान्य आहे. मी रचनेविषयी बोलत होतो. अथेन्सचा कारभार पाहणारे पाचशेंचे मंडळ सोडतीने निवडले जाई, त्यात कोणालाही आयुष्यात दोनदाच बसता येई आणि पद सोडताना हिशेब द्यावा लागे. अशा व्यवस्थेत घराणी कशी पोसली जातील?

पारावरचा : सोडतीचे कौतुक आम्हाला सांगू नये. आमच्या सरपंचपदाचे आरक्षण सोडतीनेच निघाले. महिला राखीव म्हणताच पुढाऱ्याने पत्नीला उभे केले आणि पाच वर्षे शिक्का स्वतःच्या खिशात ठेवला.

अनुस्वार : चिठ्ठीने आरक्षण ठरले, माणूस मतपेटीतूनच आला. माझी बाजू मांडल्याबद्दल आभारी आहे.

सह्यकडा : ‘खिशातला शिक्का’ ही कथा आता पुरे करा. मी राखीव जागेवरच सरपंच होते आणि प्रत्येक बिल वाचूनच सही करीत असे. पारावर बसून माझी थट्टा करणारे हे गृहस्थ ग्रामसभेला मात्र फिरकत नसत आणि गणपूर्तीअभावी सभा तहकूब होत असे. अथेन्सलाही हे चुकले नव्हते, इ.स.पू. ४०३ नंतर सभेला येण्याचा भत्ता सुरू करावा लागला आणि तो एका ओबोलवरून (तिथले एक छोटे नाणे) तीनवर गेला. मजुरी बुडवून कोण येणार? आधी भत्ता द्या, मग सोडतीवर भांडा.

पारावरचा : मी आमच्या गावाविषयी बोललो, ताई. आपण अपवाद असाल.

सह्यकडा : अपवाद ठरवण्यासाठी तरी सभेला यावे लागते.

माळरान : भत्त्याचे पटते, पण ज्या नगराच्या सुबत्तेमागे लॉरियनच्या चांदीच्या खाणी आणि त्यांत राबणारे गुलाम होते, त्याच्या औदार्याचे गोडवे मी गाणार नाही. अनुस्वार यांच्याकडून पद सोडतानाचा हिशेब तेवढा घेतो; चिठ्ठ्या त्यांनाच लखलाभ.