शंभर स्टॉपचा ऑर्गन एकट्या वादकाला कसा पेलत असे?

स्वरयात्री:
फ्रेंच ऑर्गननिर्माते आरिस्तिद कावाये-कोल (१८११–१८९९) यांच्याविषयी वाचताना एक शंका आली. पॅरिसच्या साँ-सुल्पिस चर्चमध्ये त्यांनी १८६२ मध्ये पूर्ण केलेल्या ऑर्गनला शंभर स्टॉप, म्हणजे हवे तेव्हा सुरू-बंद करता येणारे नळ्यांचे संच, आणि पाच मॅन्युअल, म्हणजे हातांनी वाजवायच्या पट्ट्यांच्या पाच रांगा होत्या. आपल्या पेटीत कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही दाबणारी जोडणी) लावला तरी पट्ट्या जड लागतात; मग विजेच्या आधी, सगळे मॅन्युअल एकमेकांना जोडून हे वाद्य वाजवणे कसे शक्य होई?

जुनी पेटी:
पट्टी दाबली की नळ्यांखालची झडप हवेच्या दाबाविरुद्ध उघडावी लागते, आणि जोडलेल्या प्रत्येक मॅन्युअलबरोबर अशा झडपा वाढत जातात. चार्ल्स बार्कर या इंग्रज कारागिराने त्यावर तोडगा काढला: पट्टीने फक्त एक लहान झडप उघडायची, तिच्यातून शिरलेल्या हवेने छोटा भाता फुगायचा आणि ओढण्याचे कष्ट त्या भात्याने घ्यायचे. इंग्लंडमध्ये या युक्तीला दाद मिळाली नाही; कावाये-कोल यांनी मात्र ती पॅरिसजवळच्या साँ-देनीच्या बॅसिलिकेतील (मोठ्या चर्चमधील), १८४१ मध्ये पूर्ण झालेल्या ऑर्गनमध्ये वापरली. तेव्हा खरे श्रेय बार्करचेच, असे माझे मत आहे.

तारसप्तक:
यंत्रापुरते ते मान्य. पण आवाजाचे काय? कावाये-कोल यांनी एकाच वाद्यात मंद्र व तार स्वरांच्या नळ्यांना वेगवेगळ्या दाबाची हवा पुरवली, त्यामुळे जुन्या फ्रेंच ऑर्गनमध्ये वर जाताना क्षीण होणारा आवाज त्यांच्याकडे भरदार राहिला. त्यांच्या हार्मोनिक फ्लूट या स्टॉपची नळी दुप्पट लांबीची असून मध्याजवळच्या छिद्रामुळे वरच्या सप्तकात बोलते, आणि वाढीव दाब तिला मानवतो. बार्करच्या भात्याविना हा दाब बोटांना झेपला नसता, हे खरे. पण तो दाब हवा कशासाठी, हे कावाये-कोल यांनाच ठाऊक होते. शिवाय साँ-सुल्पिसमध्ये त्यांनी आधीचे ऑर्गननिर्माते क्लिको यांच्या १७८१ च्या ऑर्गनमधील पुष्कळ नळ्या मोडीत न काढता नव्या रचनेत सामावून घेतल्या. मला तर त्यांचे मोठेपण तिथेच अधिक दिसते.

स्वरयात्री:
आभारी आहे. एवढी हवा भरत कोण असे?

जुनी पेटी:
माणसेच, मोठ्या ऑर्गनचे भाते चालवायला एकाहून अधिक जण लागत. ‘तारसप्तक’ यांचा मुद्दा मी मान्य करतो, आणि त्याला एक पुरावाही जोडतो: १८७० पासून १९३३ पर्यंत साँ-सुल्पिसचे वादक असलेल्या विदोर यांनी केवळ ऑर्गनसाठी सिम्फनी लिहिल्या, आणि त्या याच भरदार, क्रमाक्रमाने चढत जाणाऱ्या आवाजाच्या भरवशावर लिहिल्या आहेत.